बस्त्याला निघण्याआधी: दुकानातला आग्रह कसा थोपवायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी फ्रिज घ्यायला तुम्ही पाचोऱ्याहून जळगावला गेलात. ठरवला होता लहान, सिंगल डोअर. घरी आला डबल डोअर, सोबत वाढीव वॉरंटी, स्टॅबिलायझर आणि बारा हप्ते. दीर शेजारी उभे होते, सेल्समन म्हणाला, ‘एवढ्याशा फरकाला काय बघता’, आणि तुमच्याने नाही म्हणवलं नाही. आता मुलीच्या लग्नाचा बस्ता आलाय. उद्धटपणा न करता हा आग्रह कसा थांबवायचा, आणि त्या वॉरंटीचे पैसे परत मिळतील का, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता यजमानांना युरियाच्या गोणीबरोबर द्रवखताची बाटली घ्यायला लावल्याचंही लिहिलंय.

मी आधी कापडाच्या काउंटरवर होतो, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये फ्लोअर सांभाळला, आता दुकानांतल्या पोरांना विक्री शिकवतो. त्यामुळे पलीकडच्या बाजूने काय चालतं ते सांगू शकतो. पहिली गोष्ट ही, की आग्रहाला दुकानात उत्तर शोधू नका. तिथे तो पोरगा रोज खेळतो, तुम्ही वर्षातून दोनदा. किती खर्चायचे, कोण बोलणार आणि न घेता कधी उठायचं, या तीन गोष्टी घरून ठरवून निघालात तर सेल्समनच्या हाती फार काही उरत नाही. तुमच्या फ्रिजच्या वेळी किंमत ठरली होती, बाकीच्या दोन ठरल्या नव्हत्या. तो नेमका तिथूनच आत शिरला.

समोरचा माणूस कोणाचा आहे हे ओळखायला शिका. मोठ्या शोरूममध्ये टी-शर्ट घालून उभे असलेले सगळे दुकानाचे नसतात. बरेच जण कंपनीचे असतात, धंद्यात त्यांना आयएसडी किंवा प्रमोटर म्हणतात. त्यांचं टार्गेट एकाच ब्रँडचं, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या फ्रिजपाशी ते तुम्हाला फार वेळ रमू देत नाहीत. कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला असतो, त्याला रोखीचं गिऱ्हाईक नकोच असतं. आणि दुकानाच्या स्वतःच्या सेल्समनला वाढीव वॉरंटी, स्टँड, स्टॅबिलायझर अशा जोडीच्या वस्तूंवर वेगळा इन्सेंटिव्ह असतो, कारण फ्रिज-टीव्हीपेक्षा दुकानाला त्यांतच जास्त सुटतं. ‘दादा, तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?’ असं सरळ विचारा. शांतपणे विचारलं तर कोणी रागावत नाही. कंपनीचा असेल तर त्याच्याच कंपनीच्या दोन मॉडेलांतला फरक त्याच्याइतका नीट कोणी सांगणार नाही. तेवढं ऐकून घ्यावं, तुलना स्वतः करावी.

गावाकडचं गिऱ्हाईक दिसलं की हाच पोरगा अहिराणीवर येतो. ‘या आक्का, बठा, काय लेनं शे?’ ऐकून बरं वाटतं, त्यात गैरही काही नाही, त्याचीही ती घरचीच बोली असते. पण आपण सैलावतो. बोलता बोलता केळीचं पेमेंट कधी आलं, लग्न किती तारखेला आहे, महिन्याला किती हप्ता झेपेल, सगळं सांगून बसतो. बजेट विचारलं तर ‘पंचवीस ते तीस’ असं कधीच सांगू नका. त्याच्या कानाला फक्त तीस ऐकू येतं. एकच आकडा सांगा आणि तो मनातल्या आकड्यापेक्षा थोडा खालचा असू द्या.

आता ठरलेल्या वाक्यांकडे येऊ. ‘शेवटचा पीस आहे’ म्हणाला तर ‘गोडाऊनमधून मागवून किती दिवसांत देता?’ असं विचारा. बऱ्याच वेळा दोन दिवसांत येतो. ‘स्कीम आज रात्रीपर्यंतच’ म्हणाला तर भाव, मॉडेल नंबर आणि स्कीमची तारीख कार्डामागे लिहून मागा. बँकेच्या कार्डावरच्या सवलतीला खरोखर शेवटची तारीख असते आणि ती तो बिनदिक्कत लिहून देईल. जे लिहून द्यायला तो कचरतो ते उद्याही मिळतं असं धरून चाला.

‘विचार करून सांगते’ हे वाक्य मात्र सोडून द्या. आम्ही पोरांना शिकवताना सगळ्यात आधी याच वाक्याची तयारी करून घेतो. ‘कशाचा विचार ताई, किंमत की कलर?’ असा उलट प्रश्न येतो, तुम्ही एक कारण सांगता, त्या कारणाचं उत्तर तयार असतं. मग दुसरं कारण, त्याचंही उत्तर. शेवटी तुमची कारणं संपतात आणि बिल फाटतं. म्हणून कारण देऊच नका. ‘आज घ्यायचं नाही’ एवढंच, हसून. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य त्याच शब्दांत. अहिराणीत ‘आते नही, मंग दखू’ म्हणालात तर बोलणं गोडीतच संपतं. यात उद्धट काही नाही. सेल्समनला दिवसभर नकार ऐकायची सवय असते. तुम्ही बाहेर पडेपर्यंत तो दुसऱ्या गिऱ्हाइकापाशी पोचलेला असतो, घरी जाऊन वाईट वाटून घेणारे आपणच.

दिरांसमोर झालं तो योगायोग नव्हता. चार माणसांचा घोळका आला की सेल्समन पाहतो, पैसे कोण देणार आणि मान कोणाला लागतो. बोलतो पहिल्याशी, पण नजर दुसऱ्याकडे ठेवून. ‘भाऊंनाच विचारा, आता लहान फ्रिज कोण घेतं?’ यावर भाऊ काय म्हणणार! ऑनलाइन खरेदीत नकार देणाऱ्याला असं लाजवणं किंवा खोटी घाई करणं याला केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातलंय. अशा तेरा क्लृप्त्या त्या यादीत आहेत. काउंटरपलीकडून तोंडी लाजवणाऱ्याला मात्र ती यादी लागू नाही. तिथे सोबतच्या माणसाला निघण्याआधीच सांगून ठेवावं लागतं: भाऊजी, बोलणार मी, तुम्ही फक्त सामान नीट बघा.

बस्त्याचं गणित याहून अवघड, कारण तिथे एक दीर नसतो, पंधरा-वीस माणसं असतात. गादीवर बैठक मारली की पाणी, चहा, थंड येतं, मोठ्या दुकानात बस्त्याच्या मंडळींना जेवणही असतं. साड्या उलगडून ढीग पडतो. मग बायकांना वाटायला लागतं, अहो, त्या पोराने एवढं दाखवलं, आता नुसतं कसं उठायचं. साड्यांच्या घड्या घालायला दुकानात वेगळी माणसं असतात, त्यांना त्याचाच पगार मिळतो. चहाचा खर्च तर मालकाने भावात कधीच धरलेला असतो. भीड भिकेची बहीण असं आपली म्हातारी माणसं म्हणत, ती बहुधा बस्त्यालाच जाऊन आली असावीत.

दाखवण्याच्या क्रमातही हिशेब असतो. आधी नवरीचा शालू, पैठणी, भारी माल. पंधरा-वीस हजारांची साडी हातात धरून झाली, की आहेराची साडी बाराशेची दाखवली तरी ‘स्वस्तच आहे की’ वाटतं. घरून निघताना मात्र आपण आहेराला सहाशे धरलेले असतात. अशा तीस साड्या असतील तर अठरा हजार वाढले, आणि वाढले तेही कोणाच्या ध्यानात न येता. म्हणून क्रम उलटा करा. आहेराच्या साड्या, टोपी-टॉवेल, पोरांचे कपडे हे सगळं आधी, जमलं तर वेगळ्या दिवशी, फक्त दोघांनी जाऊन घ्यायचं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची कितीतरी मंडळी त्यासाठी सुरतची गाडी धरतात. तिथला भाव ठोक असतो, पण बदलून मिळायची आशा ठेवू नये. नवरीच्या साडीला सगळी मंडळी येऊ देत, पण तोपर्यंत बाकीचा खर्च बंद झालेला असला पाहिजे.

बऱ्याच घरांत दोन्हीकडची मंडळी एकत्र बस्त्याला जातात. व्याह्यांसमोर हात आखडता कसा घ्यायचा, ही खरी अडचण. त्यावर मला एकच उपाय उपयोगी पडताना दिसलाय. आदल्या दिवशी घरातला एक माणूस दुकानात जाऊन येतो आणि काउंटरवर सांगतो, ‘उद्या आमचा बस्ता आहे, नवरीची साडी या किमतीपर्यंत, मानाच्या साड्या या किमतीपर्यंत, याच्यावरचं काढायचंच नाही. काढलंत तर आम्ही उठू.’ मालकाला लाखभराचं बिल दिसत असतं, तो ऐकतो. शक्यतो मालकाशीच किंवा गादीवर बसणाऱ्याशी बोला, कारण सेल्समनला महाग विकल्याचं बक्षीस असतं आणि मालकाला गिऱ्हाईक गेल्याचं दुःख.

जायची वेळही बघा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर भवानीची वेळ असते. छोट्या दुकानांत पहिल्या गिऱ्हाइकाला अजूनही भाव सोडतात, पण न घेता उठलात तर चेहरे पडतात. नुसतं बघायचं असेल तर दुपार बरी. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकान रिकामं, सेल्समन निवांत. रविवारी संध्याकाळी टार्गेटचं भूत सगळ्यांच्या मानगुटीवर असतं, महिन्याच्या शेवटच्या दिवसांत तर विचारूच नका. अर्थात पक्कं ठरवून गेलेल्याला तेव्हाच जास्त सूटही मिळते.

रेशमाच्या साडीवर ‘प्युअर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेला सिल्क मार्क आहे, त्याचं लेबल मागा. नसेल तर बिलावर ‘शुद्ध रेशीम’ असं लिहून मागा. तेव्हा पुष्कळ ‘प्युअर’ साड्या एकदम ‘सेमी’ होतात. फॉल-पिकोआधी किती दिवस बदलून मिळेल हेही बिलावरच हवं.

फ्रिजकडे परत येतो, कारण लग्नाच्या संसाराच्या वस्तूंत तुम्हाला हेच पुन्हा भेटणार आहे. बिनव्याजी हप्ता हे नाव गोड आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज कुठेतरी बसवलेलं असतंच. समजा फ्रिज ३०,००० चा आहे. रोखीने दुकानदार २८,५०० ला सोडायला तयार आहे, हप्त्यावर मात्र पूर्ण ३०,०००. वर प्रोसेसिंग फी ५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०. तुमचं बिनव्याजी कर्ज २,०९० रुपयांना पडलं. म्हणून आधी रोखीचा भाव पक्का करायचा, हप्त्याचं तोंडही काढायचं नाही. मग हप्त्याचा विचारायचा आणि दोन्ही शेजारी लिहून बघायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते असतं, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा. सही करण्याआधी तो मागा. फायनान्सवाला मोबाईलवर पटापट ओटीपी मागत असेल तर फोन पर्समध्ये ठेवा.

पाच स्टारचा आग्रह झाला तर स्टारच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात ती बघा. दोन मॉडेलांत वर्षाला ४० युनिटांचा फरक असेल आणि युनिट दहा रुपयांनी धरलं तर वर्षाला ४०० वाचतात. किमतीत ५,००० चा फरक असेल तर तो फिटायला साडेबारा वर्षं लागतील. एसीचं तसं नाही. त्याच्या लेबलवरचा हिशेब वर्षाला १,६०० तासांचा असतो, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात जिथे दिवसरात्र एसी चालतो तिथे फरक लवकर भरून येतो. तिथे सेल्समनचं ऐकलं तर नुकसान नाही.

स्टॅबिलायझरबद्दलही तुम्ही त्या पोराला सरसकट दोष देऊ नका. हल्लीचे बरेच फ्रिज व्होल्टेजच्या मोठ्या चढउतारात चालतात, किती ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. शहरात बहुतेकांना वेगळा लागत नाही. पण खेड्यात कृषिपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, तुमच्याकडे तसं होत असेल तर वायरमनकडून एकदा व्होल्टेज मोजून घ्या आणि मग ठरवा. वाढीव वॉरंटीचं मात्र माझं मत स्पष्ट आहे: फ्रिजला बहुतेक वेळा नको. कॉम्प्रेसरवर कंपनीच बरीच वर्षं वॉरंटी देते, आणि दाराचं रबर, प्लॅस्टिकचे ट्रे असल्या खरोखर बिघडणाऱ्या गोष्टी वाढीव योजनेत अनेकदा वगळलेल्या असतात.

सोन्याचं थोडक्यात सांगतो. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव मोठं आहे, पण ‘उद्या भाव वाढणार’ हे वाक्य तिथेही ऐकू येतं. उद्याचा भाव काउंटरवरच्या कोणालाच माहीत नसतो. सोन्याच्या भावात घासाघीस होत नाही, घडणावळीत होते, म्हणून दोन दुकानांची तुलना घडणावळीवर करा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक लागतो. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो तिथेच उभ्या उभ्या टाकून बघता येतो.

यजमानांच्या युरियाची गोष्ट निराळी. फ्रिजच्या दुकानात झाला तो आग्रह, कृषी केंद्रात झालं ते बेकायदा. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल, अशा सक्तीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधक व्यापार प्रथा म्हटलंय. शेतकऱ्यांच्या भाषेत लिंकिंग. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरलेली आहे, ती गोणीवरच छापलेली असते. आधारचा अंगठा घेऊन विक्री होते त्या मशीनची पावती घ्या आणि बाटलीचं बिल वेगळं मागा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कंपनीकडूनच विक्रेत्याच्या गळ्यात माल मारला जातो, ही विक्रेत्याची रड पुष्कळदा खरी असते, पण तिची भरपाई शेतकऱ्याने का करायची? आणि शेतकरी ग्राहक नव्हे, असं कोणी म्हणालं तर बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तो मुद्दा निकाली काढलाय.

बिलाच्या वेळी मोबाईल नंबर सक्तीने मागतात, तोही द्यायची गरज नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये तसं दुकानदारांना कळवलंय. वॉरंटीची नोंद करायची असेल तर गोष्ट वेगळी, साडीला कशाला नंबर? बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला तरी सदोष मालाला तो लागू होत नाही. मात्र रंग आवडला नाही किंवा घरी गेल्यावर मन बदललं, तर दुकानदाराने बदलून द्यावंच असं कायदा म्हणत नाही. ते त्याच्या मर्जीवर, म्हणून आधी विचारून लिहून घ्यायचं.

आता तुमची वाढीव वॉरंटी. तिचा कागद काढा आणि ती कोणी दिली आहे ते बघा, फ्रिजच्या कंपनीने, दुकानाने की तिसऱ्याच कोणी. पुष्कळ योजनांच्या अटींत रद्द करायची मुदत लिहिलेली असते. ती उलटली नसेल तर सरळ अर्ज करा. उलटली असेल तरी कामाच्या दिवशी दुपारी मॅनेजरला भेटा, रविवारी नाही. सेल्समनची तक्रार घेऊन जाऊ नका, मॅनेजर लगेच आपल्या पोराची बाजू घेतो. ‘मला हे घ्यायचं नव्हतं, नीट समजावून सांगितलं गेलं नाही, रद्द करून द्या’ एवढं लेखी द्या, आणि सोबत मुलीच्या लग्नाची आणखी खरेदी बाकी आहे हे सहज कानावर घाला. माझ्या अनुभवात या दुसऱ्या वाक्याने जास्त काम होतं.

वॉरंटी बिलात न सांगता घातली असेल आणि मॅनेजर ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. वॉरंटीची रक्कम हप्त्यांतच धरली असेल तर रद्द झाल्यावर कर्जाचं नवं वेळापत्रक फायनान्स कंपनीकडून लेखी मागून घ्या. नाहीतर वॉरंटी जाते आणि हप्ता तेवढाच कापला जातो.